हेवी लायसनचा कॉम्प्युटर

आमच्या घरात ‘चला’ हा शब्द दोनदा म्हणावा लागतो. एकदा म्हटलं तर नवरा जागच्या जागी थांबतो. लग्नाला जायचं असो नाहीतर भाजीला, मी चपला घालून दारात उभी आणि हे बूट घालून सोफ्याच्या कडेला बसलेले. ‘चला, चला’ म्हटलं की उठतात. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला वाटायचं, माणूस कानाने अधू आहे आणि सासरच्यांनी लपवून ठेवलंय. मग एकदा यांच्या बसमध्ये बसले तेव्हा उलगडा झाला. कंडक्टरने घंटीची दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. हे शहरात बस चालवायचे, एकतीस वर्षं चालवली, आणि ते अंगात इतकं भिनलं होतं की बायकोकडूनसुद्धा डबल बेल मिळाल्याशिवाय हलायचे नाहीत.

त्यांच्या बसमध्ये मी मोजून चार-पाच वेळा बसले असेन. एक तर ते ओळख दाखवायचे नाहीत. त्या पहिल्या वेळी मी त्यांच्या लगेच मागच्या बाकावरून कौतुकाने विचारलं होतं, दमलात का हो. उत्तर नाही. घरी आल्यावर म्हणाले, डोक्यावर पाटी लावलीय ती वाचता येत नाही का, तू तर वाचण्याचेच पैसे घेतेस. पाटीवर लिहिलेलं होतं, ‘चालकाशी बोलू नये’. मी आठवडाभर घरातही बोलले नाही. त्यांना ते कळायलाच चार दिवस लागले, हा भाग वेगळा.

वाचण्याचे पैसे घेते म्हणजे मी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. एक ऱ्हस्व-दीर्घ सुटला तरी मला जेवण जात नाही. घरातल्या माणसांच्याही चुका काढते अशी तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

निवृत्तीला चौदा महिने राहिले असताना एका मंगळवारी हे सकाळची ड्युटी करून नेहमीच्या वैद्यकीय तपासणीला गेले. तिथे कळलं की उजवा डोळा काचबिंदूने जवळजवळ गेलेला आहे. दुखलं नाही, खुपलं नाही, त्यामुळे कुणालाच पत्ता नाही. दुसऱ्या दिवसापासून यांना स्टिअरिंगवरून उतरवून डेपोच्या खिडकीत बसवलं, गाड्यांच्या वेळा लिहायला. नियम बरोबरच होता. एका डोळ्याच्या माणसाच्या हातात साठ माणसं कोण देणार? हेसुद्धा तसंच म्हणाले.

पण आमच्या बसवाल्यांत एक रीत आहे. चालक निवृत्त होतो त्या दिवशी त्याच्या बसला झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात आणि तो शेवटची फेरी चालवतो. पहिल्या बाकावर त्याची बायको-मुलं बसतात. त्या दिवशी ओळख दाखवायची मुभा असते. मी तर त्यासाठी मोरपंखी साडी दोन वर्षं आधीच घेऊन ठेवली होती. यांची निवृत्ती झाली ती खिडकीतून. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. घरी येऊन बूट काढता काढता मला म्हणाले, “शेवटची फेरी कोणती होती तेच मला आठवत नाही गं. माहीत असतं तर नीट चालवली असती.”

मला इतकं वाईट वाटलं की मी साडी आतल्या कपाटात खाली दडपून ठेवली. तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर आम्ही वाघोलीला, पुण्याच्या एका टोकाला, राहायला आलो. हवा बरी, जागा मोठी, शेजारी बोलके. यांना मात्र कशातच राम वाटेना. फिरायला जायचे, परत यायचे, पेपर वाचायचे, परत तोच पेपर वाचायचे. विजेवर चालणाऱ्या नव्या बस दिसल्या की तोंड वाकडं करायचे. ज्या गाडीला गिअर नाही ती गाडी नव्हेच, ती आडवी लिफ्ट, असं त्यांचं मत. आणि दुपारी मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. जगात काही माणसं कॉम्प्युटरवर खेळातली बस चालवतात आणि ती चालवतानाचा व्हिडिओ लोकांना दाखवतात, हे मला यांच्यामुळे कळलं. हे ते तासन्‌तास बघायचे आणि चुका काढायचे. ‘आत्ताच ब्रेक? अरे, स्टॉप पुढे आहे.’ ‘क्लच पूर्ण दाबला नाही गाढवाने.’ बघता बघता यांचा डावा हात मांडीशेजारी हलायचा. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. तो हात मी तीस वर्षं बघत आलेय. जेवताना बोलायला लागले तरी डावा हात ताटाच्या बाजूला गिअर बदलतो आणि वाटी सांडते. या व्हिडिओच्या वेळी मात्र तो हात दिसला की मी उठून स्वयंपाकघरात जायचे.

आमची मुलगी हिंजवडीत नोकरी करते आणि तिथेच राहते. वाघोली ते हिंजवडी रोज जायचं तर माणूस रस्त्यातच निवृत्त होईल. तिला मी फोनवर म्हटलं की हे नुसतं बघतायत, यांना चालवता नाही का येणार. ती म्हणाली, येईल की, पण आपल्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर नाही, त्याला गेमिंग पीसी, म्हणजे खेळांसाठीचा ताकदवान कॉम्प्युटर लागतो, मधल्या बजेटचासुद्धा चालेल. डोळ्याच्या डॉक्टरांना विचारून आले. रस्त्यावर नाही, पडद्यावर चालेल, अर्ध्या तासाने विश्रांती घ्यायची, असं ते म्हणाले. माझी एक ठेव संपत आली होती. पाऊण लाखाच्या आत बसवायचं असं मी ठरवलं. मुलगी म्हणाली, स्टिअरिंग माझ्याकडून.

यांना सांगायची सोय नव्हती. ‘मला कशाला? या वयात?’ म्हणून मोडीत काढलं असतं. म्हणून मी खोटं बोलले. हल्ली प्रुफं कॉम्प्युटरवर येतात, माझ्या कामासाठी नवा घ्यायचाय, असं सांगितलं. हे खोटं पुढे मला चांगलंच भोवलं.

बुधवार पेठेत एका बोळात मी दुकान निवडलं ते त्याच्या पाटीवरून. ‘इंटरनेटवर स्वस्त मिळत असल्यास कृपया इंटरनेटवर जावे.’ लागोपाठची चार दुकानं ‘दुरूस्ती’ आणि ‘ऊत्तम’ लिहून बसलेली. या पाटीत एकही चूक नव्हती. मालक माझ्याच वयाचे, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे. आसपासचे सगळे त्यांना चाचा म्हणतात, पण त्यांचं मराठी माझ्या निम्म्या लेखकांपेक्षा शुद्ध आहे, आणि तिरकंही.

कोणासाठी हवाय, मुलासाठी की नातवासाठी, असं त्यांनी मान वर न करता विचारलं. मी म्हटलं, नवऱ्यासाठी. मान वर झाली. वय विचारलं. सांगितलं.

“हेवी की लाइट?” त्यांनी विचारलं.

“हेवी,” मी म्हटलं. “बॅजसकट. पण आता रद्द झालंय.”

चाचांनी पेन खाली ठेवलं. त्यांना विचारायचं होतं की खेळ कोणत्या वजनाचे खेळणार, आणि मी आपलं लायसन सांगत बसले. आमच्या घरात हेवी आणि लाइट हे लायसनचेच प्रकार. मग मला सगळंच सांगावं लागलं, डोळा, मंगळवार, राहून गेलेली फेरी. एवढं सांगायचं नव्हतं, पण सुरू झाले आणि थांबता येईना. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, मागे वळून पंखा माझ्याकडे केला आणि म्हणाले, बसा, असं उभ्याने होणारं काम नाही.

मग त्यांनी मला एकेक भाग समजावून सांगितला. बसच्या खेळात रस्त्यावरच्या रिक्षा, माणसं, आडवे येणारे दुचाकीवाले, या सगळ्यांचं गणित प्रोसेसर करतो, तेव्हा तिथे चिक्कूपणा नको. चित्र रंगवतं ते ग्राफिक्स कार्ड. सगळ्यात महाग तेच, तिथे मधलं घ्या, पण मधल्यातलं वरचं. मदरबोर्डवर सगळं बसतं, रॅम म्हणजे कामापुरती आठवण, आणि पॉवर सप्लाय चांगला नसेल तर वरचं सगळं फुकट. रंगीत दिव्यांचे पंखे हवेत का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. ज्या बसला आत लाइटिंग जास्त तिचा ड्रायव्हर कच्चा, हे मी घरी हजारदा ऐकलेलं आहे. दिव्यांचे पैसे कार्डात घाला म्हटलं. ‘दिवे नको म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक,’ असं काहीतरी चाचा पुटपुटले.

कोटेशन घेऊन मी घरी आले आणि सवयीने लाल पेन्सिल काढली. आधी अक्षर न अक्षर वाचलं, मग मुलीने पाठवलेल्या यादीशी ओळ न ओळ ताडून पाहिलं. अर्थ कळण्याची गरज नसते. प्रूफ वाचताना अर्थात शिरलं की चूक सुटते. दोन जागा सापडल्या. कार्डाच्या आकड्यापुढची शेवटची दोन अक्षरं गायब होती. आणि बोर्डाच्या ओळीत रॅमच्या जातीचा आकडा चार होता, खाली रॅमच्या ओळीत पाच. मी दोन्हीकडे खुणा केल्या, समासात प्रश्नचिन्हं काढली आणि दोन दिवसांनी कागद चाचांपुढे ठेवला.

बाई, हे कोटेशन आहे, कादंबरी नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, चूक ती चूक. त्यांनी चष्मा बदलून पाहिलं. दोन अक्षरांनी कार्डच दुसरं होत होतं, खालच्या ताकदीचं. आणि चारच्या बोर्डात पाचची रॅम शिरतच नाही, खाचच वेगळी. बोर्ड जुन्या यादीतून आला होता. चाचांनी दोन्ही ओळी स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्या. मग म्हणाले, “बरोबर आहे.” पुण्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. मला पुस्तकांवरही कुणी इतकं म्हटलेलं नाही.

मॉनिटर निवडायला मात्र मला अर्धा तास लागला. दुकानात चार लावून ठेवले होते. चाचा वळणदार, लांबरुंद पडदा दाखवत होते, तरुण मंडळी हाच नेतात म्हणाले. मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि खुर्चीत बसले. डाव्या एकट्या डोळ्याने त्या लांब पडद्याचं उजवं टोक बघायला मान वळवावी लागत होती. बसचा उजवा आरसा नेमका तिथेच येतो. मग मधल्या आकाराचा सरळ पडदा लावायला सांगितला, खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, हात डोळ्यावर तसाच. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत होते, बाईला काय झालंय म्हणून. बघोत. यांना दिवसभर जग असं दिसतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं; तपासणीचे कागद मी पाठ केले होते, पण हात डोळ्यावर कधी ठेवला नव्हता. सरळ पडद्यावर आरसा मान न हलवता दिसला. चाचांनी काही न विचारता तो बाजूला काढून ठेवला.

स्टिअरिंगवरून आमचं थोडं वाजलं. त्यांनी आधी दाखवलं त्याला चाकामागे दोन पाती होती, बोटाने दाबली की गिअर बदलतो. मी म्हटलं हे नाही चालणार, दांडा हवा, आणि पायाशी क्लच हवा. दांडा वेगळा मिळतो, तो त्यांनी आणला आणि टेबलाला उजव्या बाजूला घट्ट आवळून दाखवला. डावीकडे लावा म्हटलं तर खोक्यावरचं चित्र माझ्यासमोर धरलं. चित्रात उजवीकडेच होता. मी म्हटलं, चित्र परदेशातलं आहे चाचा, आमचे हे पुण्यात चालवायचे. चाचांनी स्वतःचा डावा हात हवेत हलवून बघितला, हसले आणि स्क्रू सैल केले.

माझ्या खोट्याने मला गाठलं ते सामान जोडायच्या दिवशी. हे म्हणाले, एवढा जड डबा तू एकटी कशी आणणार, मीही येतो. नाही म्हणायला कारण सुचेना. मी आधी चाचांना फोन करून बजावलं की स्टिअरिंग आत ठेवा आणि तोंडातून काही काढू नका. आम्ही बसने गेलो. हे वाटेत ड्रायव्हरच्या चुका हळू आवाजात मला सांगत होते. दुकानात शिरल्यावर चाचांनी यांच्याकडे जरा जास्तच निरखून पाहिलं आणि खुर्ची दिली.

कॅबिनेट तेवढं ठरायचं होतं. चाचांनी दोन डबे ठेवले, एक पुढून काचेचा, एक पुढून जाळीचा. मी विचारात पडलेली बघून यांना राहवलं नाही. पुढून काच लावल्यावर इंजिनला हवा कुठून मिळणार, रेडिएटर समोर कशाला असतो, घाट चढताना गाडी तापते ती उगाच का, असं यांनी आम्हा दोघांना पाच मिनिटं ऐकवलं. जाळीचाच घ्या म्हणाले. पॉवर सप्लायचा विषय निघाला तर म्हणाले, बॅटरी कमजोर असली की सकाळी गाडी धक्क्याला लागते, तिथे पैसे वाचवू नकोस. चाचा अतिशय गंभीर चेहऱ्याने मान हलवत होते आणि अधूनमधून, ‘साहेब म्हणतात ते बरोबर आहे, बाई,’ अशी मला समज देत होते. हा माणूस स्वतःच स्वतःची गाडी निवडत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

मग यांनी खोक्यावरचं ग्राफिक्स कार्ड बघितलं. त्याला दोन पंखे. “प्रुफं वाचायला हे कशाला लागतं?” त्यांनी विचारलं.

“जोडाक्षरं फार असतात,” चाचा म्हणाले.

यांनी ते मानलं. माझ्या कामाबद्दल त्यांना मुळातच धास्ती आहे.

कॉम्प्युटर घरी आला, मुलीच्या खोलीत टेबलावर बसला. स्टिअरिंग, दांडा आणि पायाशी ठेवायची पेडलं मुलगी रविवारी सकाळी हिंजवडीहून येताना चाचांकडून घेऊन आली. मी यांना दळण आणायला पाठवलं, आणि गिरणीत गर्दी असेल तर थांबा, घाई नाही, असं दोनदा सांगितलं. मुलीने दोन तास खटपट केली. कुणा हौशी माणसाने आपल्याकडच्यासारख्या रस्त्यांचं एक शहर त्या खेळासाठी करून ठेवलंय. डावीकडून वाहतूक, खड्डे, मधोमध बसलेली गाय, सगळं आहे. तिने त्यातली जुन्या पद्धतीची लाल बस निवडली. दांडा मी स्वतः टेबलाच्या डाव्या कडेला आवळला. मग सगळ्यावर चादर टाकली, समोर लाकडी खुर्ची ठेवली. चाकांची खुर्ची नको, क्लच दाबला की मागे पळेल, हेही चाचांनीच सांगितलेलं.

हे दळणाचा डबा ठेवून आत आले. मुलीने चादर काढली.

यांनी खिशातून रुमाल काढला, स्टिअरिंग गोल पुसलं, मग दोन बोटं त्याला लावून कपाळाला लावली. रोज सकाळी ड्युटीवर करायचे तसंच. पायातल्या चपला काढून कपाटातले बूट घालून आले. बसले. डावा हात खाली गेला आणि दांडा बरोबर तिथेच सापडला. त्यांनी खाली बघितलंही नाही. मी मुलीचा हात घट्ट धरून उभी होते.

मुलीने चावी कुठली, दरवाजे कसे मिटतात, आरसे कसे फिरवायचे ते दाखवलं. उजवा आरसा यांनी दोनदा नीट करून घेतला. इंजिन सुरू झालं. पडद्यावर माणसं चढली, दरवाजा मिटला. आणि पुढे काहीच नाही.

बस उभी. इंजिन घरघरतंय. यांचे हात स्टिअरिंगवर. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मुलगी कुजबुजली की हँग झालं वाटतं. तिने वायरी तपासल्या, मी प्लग दाबून पाहिले. पेडल लागत नसेल म्हणून ती खाली वाकली, तर क्लच पूर्ण दाबलेला होता आणि पहिला गिअर पडलेला होता. सगळं चालू होतं. मी विचारलं, काय झालं हो, दिसत नाहीये का नीट. उत्तर नाही. आवडलं नाही का, विचारलं. उत्तर नाही. मुलगी चाचांना फोन लावायला गॅलरीत गेली.

माझा धीरच सुटला. वाटलं, कशाला या फंदात पडले. बुजत आलेली जखम आपण उकरली. एवढे चारचे-पाचचे आकडे तपासत, अक्षर न अक्षर ताडत, डोळा झाकून बसत मी एकेक भाग निवडला आणि यांना खेळण्यातली बस दिली; खऱ्या माणसाला खेळणं देऊन मी त्याचा अपमान केला. दारात उभ्या उभ्या मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात माझं लक्ष यांच्या मानेकडे गेलं. मान जराशी डावीकडे वळलेली होती आणि कान मागे दिलेला होता. ही मान मी पाहिलेली होती. त्या चार-पाच वेळा मागच्या बाकावरून मला तीच तर दिसायची, प्रत्येक स्टॉपवर.

मी देवघरात गेले. घंटा उचलली, खोलीच्या दाराशी आले आणि वाजवली. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

यांचा पाय क्लचवरून अलगद वर आला. बस निघाली. धक्का नाही, हिसका नाही, पाण्याचा भरलेला तांब्या ठेवला असता तरी सांडला नसता इतकी हळुवार. डाव्या हाताने दुसरा गिअर टाकला. गायीला वळसा घातला. उजव्या आरशात एक नजर टाकली. मग मागे न बघता, तीस वर्षं घरात कधीच न काढलेल्या कामाच्या आवाजात म्हणाले, “बाई, दारात उभं राहू नका. आत या, पहिला बाक रिकामा आहे.”

मी आधी आतल्या खोलीत गेले आणि कपाटाच्या तळातून मोरपंखी साडी काढली. नेसायला वेळ नव्हता. उलगडून खांद्यावरून घेतली. परत येऊन यांच्या मागे पलंगाच्या कडेला बसले. मुलगी फोन हातात घेऊन आली, आम्हा दोघांकडे बघितलं आणि गुपचूप माझ्या शेजारी बसली. पुढचा स्टॉप आल्यावर मी एकदा घंटा वाजवली, माणसं चढल्यावर दोनदा. शेवटच्या स्टॉपपर्यंत माझ्या डोळ्यांचं पाणी थांबलं नाही. विचारायचं खूप होतं, पण मी तोंडातून एक शब्द काढला नाही. चालकाशी बोलायचं नसतं.